बॉबकॅट अडले, दोष पंपाचाच?

प्रतिनिधी

पावसाळा तोंडावर आला की उपनगरांत ३१ मेची मुदत गाठण्यासाठी नालेसफाईची धावपळ सुरू होते. अंधेरीचा मोगरा नाला, कांदिवली-बोरिवलीकडची पोयसर नदी, घाटकोपरचा सोमय्या नाला अशा उघड्या पात्रांतील गाळ पोकलेन काठावरूनच उपसते. परंतु नाला जेथे रस्त्याखाली शिरतो तेथे पोकलेनचा लांब हातही अपुरा पडतो. अशा बंदिस्त नाल्यात क्रेनच्या साह्याने एक बुटके, चौकोनी, चार चाकांचे यंत्र उतरवले जाते. त्याचे शास्त्रीय नाव स्किड स्टिअर लोडर. मात्र मुंबईत ते 'बॉबकॅट' याच नावाने ओळखले जाते. जेसीबी या कंपनीच्या नावाने जसे खोदकामाच्या एका यंत्राचा ताबा घेतला, तसाच हा प्रकार. कंपनी कोणतीही असो, ठेकेदार, चालक आणि मिस्त्री त्याला बॉबकॅटच म्हणतात.

हे यंत्र रस्त्यावर बंद पडले तर फार तर वाहतूक तुंबेल. बंदिस्त नाल्यात ते अडले तर गोष्ट वेगळी होते. आत सरळ उभे राहण्याइतकी उंची असेलच असे नाही. कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटत असतो आणि त्यात यंत्राच्या धुराची भर पडते. शिवाय मुंबईतील अनेक नाल्यांची पातमुखे भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. त्यामुळे समुद्राचे पाणी नाल्यातून मागे सरकते आणि यंत्र ओढून काढण्यास मिळणारा वेळ भरती-ओहोटीच्या हिशेबाने ठरतो. उरलेला गाळ मग फावडी घेतलेल्या माणसांकरवी काढून घेण्याचा मोह ठेकेदाराला होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यापासून नालेसफाई हा मुंबईत दरवर्षीच्या चर्चेचा विषय झाला आहे. त्या चर्चेत टनांचे आणि कोटींचे आकडे येतात. यंत्राच्या चाकापर्यंत शक्ती कशी पोहोचते आणि ती मध्येच का हरवते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

पक्षिपालनाच्या कोठारातून

या यंत्राचा जन्म नाल्यासाठी झालेला नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रोथसे या लहानशा गावी सिरिल आणि लुई केलर या बंधूंचा लोहारकामाचा कारखाना होता. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला दुमजली कोठारातील विष्ठा काढण्यासाठी यंत्र हवे होते. वरच्या मजल्यावर चालेल इतके ते हलके हवे आणि खांबांमधून वळेल इतके लहान हवे, अशी त्याची अट होती. केलर बंधूंनी १९५७ मध्ये तीन चाकांचे यंत्र तयार केले. पुढच्या वर्षी ते मेलरो कंपनीकडे गेले, १९६० मध्ये त्याला चौथे चाक मिळाले आणि १९६२ पासून ते बॉबकॅट या नावाने विकले जाऊ लागले. अडचणीच्या जागेतील घाण काढणे हे त्याचे काम तेव्हाही होते आणि आजही आहे.

त्याची चाल समजून घेतली की बिघाडाचे निम्मे कोडे सुटते. मोटारीची पुढची चाके वळतात, तशी या यंत्राची कोणतीच चाके वळत नाहीत. डावीकडची दोन चाके एका वेगाने आणि उजवीकडची दोन दुसऱ्या वेगाने फिरवली की यंत्र घसरत घसरत वळते. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली तर ते जागच्या जागी गिरकी घेते. यासाठी दोन्ही बाजूंची शक्ती स्वतंत्र असावी लागते. इंजिन दोन पंप फिरवते आणि प्रत्येक पंप आपल्या बाजूच्या एका हायड्रॉलिक मोटरला दाबाखालील तेल पुरवतो. मोटरच्या दांड्यावरील दातेरी चक्रावरून दोन साखळ्या निघतात, एक पुढच्या चाकाकडे आणि दुसरी मागच्या चाकाकडे. या साखळ्या तेलाने भरलेल्या बंद पेटीत फिरतात. मिस्त्री तिला 'चेन केस' म्हणतात.

पंप आणि मोटर यांच्यातील तेलाचा फेरा बंदिस्त असतो. जे तेल मोटरकडे जाते तेच पंपाकडे परतते. मात्र वंगण म्हणून त्यातील थोडे तेल सतत झिरपून टाकीत जाते. ती तूट भरून काढणाऱ्या लहान पंपाला 'चार्ज पंप' म्हणतात. मुख्य फेऱ्यातील दाब भार पडल्यावर २०० बारच्या पुढे जातो. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. एवढा दाब धरून ठेवणाऱ्या पंपातील सरकत्या भागांमधली फट केसाच्या जाडीच्या एखाद्या अंशाइतकीच असते. तेलातून आलेला वाळूचा कणही तेथे कानशीसारखा चालतो.

दोन्ही बाजू की एकच?

यंत्राचा जोर गेला की पहिला संशय पंपावर येतो. या साखळीतील सर्वांत महागडा भाग बहुधा तोच असल्याने तो बदलण्याचा सल्ला देणाऱ्याचेही नुकसान होत नाही. प्रत्यक्षात जुन्या यंत्रात पंपाचा अपराध सर्वांत शेवटी सिद्ध व्हायला हवा. पाना हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : जोर दोन्ही बाजूंचा गेला आहे की एकाच?

दोन स्वतंत्र पंप किंवा दोन स्वतंत्र मोटरी एकाच दिवशी सारख्याच प्रमाणात निकामी होणे फार दुर्मीळ. म्हणून दोन्ही बाजू मंदावल्या असतील तर दोष दोघींच्या सामाईक भागात शोधावा. तेलाची पातळी, तुंबलेला फिल्टर, टाकीतून तेल ओढणाऱ्या पाइपमधून आत शिरणारी हवा, चार्ज पंपाचा उतरलेला दाब किंवा पूर्ण न सुटलेला ब्रेक, हे नेहमीचे संशयित. येथे बकेट उचलून पाहण्याची साधी चाचणी उपयोगी पडते. बकेट नेहमीच्या जोराने उचलली जात असेल, तर इंजिन आणि इंजिनाची पंपाशी असलेली जोडणी बहुधा ठीक असते. बकेटही रेंगाळत असेल तर तेलाकडे आणि त्या जोडणीकडे आधी पाहावे. काही जुन्या यंत्रांत ही जोडणी पट्ट्याची असते आणि ढिला पट्टा घसरू लागला की अवघे यंत्र आजारी दिसते.

इंजिनाचा आवाजही बरेच काही सांगतो. लिव्हर पुढे ढकलल्यावर इंजिन दबते, पण चाक हलत नाही, याचा अर्थ शक्ती पोहोचते आहे आणि पुढे काहीतरी जाम आहे. ब्रेक चिकटला असेल, बेअरिंग अडकले असेल. उलट लिव्हर ढकलूनही इंजिनाला काही पत्ताच लागत नसेल तर दाब तयार होत नाही किंवा वाटेत गळून जातो आहे. सकाळी थंड असताना यंत्र ठणठणीत आणि तासाभराने ढिले पडत असेल तर तेल गरम होऊन पातळ झाले की झिजलेल्या फटींतून गळू लागते, असे समजावे. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी तेल थंड करणारा कूलर पाहावा. नाल्यात काम करणाऱ्या यंत्राचा कूलर प्लॅस्टिकचे तुकडे, केस आणि सुकलेला गाळ यांनी बुजलेला असतो. मे महिन्यातील उकाड्यात तेवढे कारण पुरते. पाण्याच्या फवाऱ्याने निभावणाऱ्या कामासाठी पंप खोलला गेल्याचे प्रकार या धंद्यात नवे नाहीत.

एकच बाजू मंद असेल तर तपासाची दिशा बदलते. यंत्र एका बाजूला ओढत असल्यास आधी टायर पाहावेत. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे गुळगुळीत टायर असले तरी यंत्र सरळ जात नाही. उपनगरांतील काँक्रीटच्या रस्त्यांवर घसरत वळणारे हे यंत्र टायर फार लवकर खाते. त्यानंतर लिव्हरपासून पंपापर्यंतच्या दांड्या आणि त्यांच्या खुंट्या तपासाव्यात. त्या झिजल्या की लिव्हर पूर्ण ढकलूनही पंपाला अर्धाच हुकूम पोहोचतो. लिव्हर मध्यावर असताना यंत्र हळूहळू सरकत असेल तर दोष बहुतेक वेळा याच दांड्यांच्या जुळणीत असतो.

नंतर यंत्र भक्कम ठोकळ्यांवर चढवून चारही चाके अधांतरी करावीत. एका बाजूचे एक चाक फिरते आणि दुसरे स्वस्थ आहे, असे दिसले तर पंप आणि मोटर दोघेही सुटले. साखळी तुटली आहे, किंवा चक्राचे वा आसाचे दाते गेले आहेत. दोन्ही चाके स्वस्थ असतील तरच मोटर आणि पंप यांच्यात निवाडा करावा लागतो.

तो निवाडा करण्याची जुन्या मिस्त्रींची पद्धत मजेदार आहे. दोन्ही बाजूंचे पंप आणि मोटर एकसारखेच असतात, याचा ते फायदा घेतात. पंपाकडून मोटरकडे जाणारे दाबाचे होज पाइप डावे-उजवे अदलाबदल करून जोडायचे. दोष आता दुसऱ्या बाजूला गेला तर गुन्हेगार पंपाकडील भागात आहे. तो जागचा हलला नाही तर मोटर दोषी. मात्र अशा अदलाबदलीनंतर डाव्या लिव्हरने उजवी चाके फिरतात, म्हणून ही परीक्षा चाके अधांतरी असतानाच घ्यावी. पाइप सोडण्यापूर्वी जोड धुऊन पुसणे आणि उघडी तोंडे लगेच बंद करणे आवश्यक असते. नाहीतर तपासच बिघाड घेऊन येतो. दाबमापक उपलब्ध असेल तर चार्ज पंपाचा दाब मोजणे हा याहून स्वच्छ आरंभ. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाशी तो जुळत नसेल तर पुढचे काहीही खोलण्यात अर्थ नाही.

खारे पाणी आणि साखळी

मुंबईत चेन केसचा एक खास शत्रू आहे. भरतीचे पाणी आलेल्या नाल्यात चाके बुडतात आणि आसाच्या झिजलेल्या सीलमधून खारे पाणी पेटीत शिरते. तळाचा बूच सोडल्यावर दुधाळ, चहासारखे तेल आले तर समजावे की साखळी वंगणाऐवजी गंजात फिरते आहे. गंजलेली साखळी लांबते, चक्राच्या दात्यांवर चढू लागते आणि लिव्हर मागे-पुढे करताना खाडकन आवाज येतो. सील आणि तेल बदलणे हे तुलनेने किरकोळ काम. ते टाळले तर साखळी, चक्र आणि शेवटी बेअरिंगे जातात. बेअरिंग आणि सीलसाठी मिस्त्री नागदेवी स्ट्रीटची वाट धरतात. जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्यातील दुकानेही पालथी घातली जातात. जुनी साखळी आणि नवे चक्र किंवा नवी साखळी आणि जुने चक्र ही जोडी टिकत नाही, हे ठाऊक असूनही हंगामाच्या घाईत ती लावली जाते.

पंप किंवा मोटर खरोखरच गेली असेल तर पत्रे घासून सपाट करणे आणि सील बदलणे एवढ्यावर कधी कधी भागते. पिस्टनच्या बुडाचे पितळी भाग झिजले असतील तर मात्र ते बदलावे लागतात. खरी चूक होते ती यानंतर. फुटलेल्या मोटरचे धातूचे कण त्या बंदिस्त फेऱ्यात, कूलरमध्ये आणि टाकीच्या तळाशी पसरलेले असतात. टाकी, पाइप आणि कूलर न धुता नवा पंप बसवला तर तो त्याच कणांवर चालू लागतो. मग 'नवा पंपही भेसळीचा निघाला' अशी तक्रार होते. तेलाचेही तसेच. काही जुन्या यंत्रांत हायड्रॉलिक तेलाऐवजी ठरावीक दर्जाचे इंजिन ऑईल चालते, तर काहींत ते चालत नाही. पुस्तिका हरवलेल्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या यंत्रात जे हाताला लागेल ते ओतले जाते. (अशा यंत्राच्या तासमापकावर विसंबून राहू नये. पेडल किती गुळगुळीत झाले आहेत, ते पाहावे.)

दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्नही येथेच येतो. या यंत्राचे पोट उघडण्यासाठी बकेटचे हात वर करावे लागतात आणि काही यंत्रांत चालकाचा पिंजरा मागे कलवावा लागतो. वर केलेले हात केवळ तेलाच्या दाबावर सोडून खाली माणूस गेला तर एक पाइप सुटणे पुरेसे आहे. त्यासाठी यंत्रासोबत लोखंडी आधार दिलेला असतो. जुन्या यंत्रात तो बहुधा गहाळ असतो. सूक्ष्म गळती बोटाने चाचपणे तर त्याहून घातक. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून २०० बार दाबाने निघालेले तेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीची शस्त्रक्रिया मागते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी.

बऱ्याच यंत्रांत चालकाच्या मांडीवर येणारा दांडा खाली नसेल तर चाके आणि बकेट दोन्ही अडतात. हा दांडा आणि त्याची विद्युत जोडणी बिघडली की यंत्र 'चालत नाही' असे वाटते. मग वायर जोडून हा बंदोबस्तच निकामी केला जातो. यंत्र चालते, परंतु चालक उतरताना त्याचा पाय लिव्हरला लागला तर काय, याचे उत्तर त्या वायरमध्ये नसते. जोर गेल्याच्या तक्रारीत हा स्विच आणि त्याचा फ्यूज सर्वांत आधी तपासण्याजोगा आहे, कारण तो तपासायला काही मिनिटेच लागतात.

सर्व जोडून झाल्यावर पंपाच्या पोटात ताजे तेल भरून, चाके अधांतरी ठेवून इंजिन मंद गतीवर सुरू करतात. कोरड्या पंपाला पहिल्या मिनिटातच जन्माची झीज लागते. हवा निघून आवाज शांत झाला की यंत्र जमिनीवर घेऊन तासभर चालवतात, तेल गरम झाल्यावर दोन्ही लिव्हर सारख्या ढकलून ते सरळ रेषेत जाते की नाही हे पाहतात. नवा फिल्टरही लवकरच काढून कापला जातो. घड्यांमध्ये पितळी चमक दिसली तर पंप किंवा मोटरच्या आत झीज सुरूच आहे. घड्या स्वच्छ असतील तर यंत्र पुन्हा क्रेनला बांधले जाते.