शिसवी कपाट भंगारात देण्यापूर्वी

अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. उपनगरात कुठेही जा, जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहतो आहे. घर रिकामे करण्याची तारीख जवळ आली की दादाजानच्या वेळचे भलेमोठे कोरीव कपाट सगळ्यांना अडचणीचे वाटू लागते. जिन्यातून उतरेल का, नव्या फ्लॅटमध्ये मावेल का, यावर दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी जुने सामान घेणारा ते टेम्पोत घालून नेतो. पॉलिशचा हात फिरला की तेच कपाट कितीतरी अधिक किमतीला एखाद्या शौकिनाच्या दिवाणखान्यात जाते. म्हणून आपल्या घरात नेमके काय आहे, हे आधी ओळखायला शिकले पाहिजे.

मुंबईची कारागिरी

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. या काळातील फर्निचर म्हटले की आपल्याला इंग्लंड आठवते. पण त्यातले पुष्कळसे काम खुद्द मुंबईत झाले. आकार साहेबाच्या घरातला, लाकूड इथले आणि पटाशी चालवणारा हातही इथलाच. शिसवी लाकडावर पानावेली आणि फुलापक्ष्यांची दाट, काही ठिकाणी आरपार कोरलेली नक्षी ही त्याची खूण. इंग्रज या लाकडाला ‘ब्लॅकवूड’ म्हणत, म्हणून हे काम ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ या नावाने परदेशातही ओळखले जाते. फोर्टमधील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर मार्ग, या कामाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होता. पुस्तकांची कपाटे मात्र बरीचशी सागवानाची असत.

त्या काळचे काम कसे दिसते हे पाहायचे असेल तर मुलांना घेऊन भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ या नावाने ते लोकांसाठी खुले झाले. तिथल्या वस्तूंइतकीच त्या ठेवलेली जुनी लाकडी काचकपाटेही निरखण्यासारखी आहेत.

ओशिवऱ्याचा बाजार

खरेदी करणाऱ्यांची पावले पूर्वी चोर बाजारातील मटन स्ट्रीटकडे वळत. उपनगरातील माणसाला आता जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार जवळचा. स्वामी विवेकानंद मार्ग आणि रिलीफ रोडच्या परिसरात एकाला एक लागून दुकाने आणि गोदामे आहेत. जुन्या बंगल्यांतून निघालेला माल इथे येतो, दुरुस्त होतो. शेजारीच जुन्या नमुन्याबरहुकूम नवे कपाटही घडते. जुन्या दरवाजा-खिडक्यांचे, तुळयांचे सागवान वापरून केलेले नवे कपाट मजबूत असते आणि ते विकण्यात गैर काही नाही. फक्त ते ‘दीडशे वर्षांचे’ म्हणून विकले जाऊ नये. दुकानदाराला सरळ विचारावे, “चाचा, यातले जुने किती आणि नवे किती?” जाणकार दुकानदार स्वतःच सांगतो, की चौकट जुनी आहे, पाय बदललेत, काच नवी आहे. तसे बिलावर लिहून घ्यावे.

जुने कसे ओळखावे?

समोरची नक्षी पाहण्याआधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि कपाटाची पाठ पाहा. ड्रॉवरच्या कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत गुंतवलेले असतात. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. हाताने कापलेले दात थोडे कमी-जास्त असतात, यंत्राचे एकसारखे. ड्रॉवर वर्षानुवर्षे सरकून खालची पट्टी झिजलेली असते. पाठीला प्लायवूड असेल तर ती पाठ तरी विसाव्या शतकातील. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचे चिन्ह असेल तर तो १९३० नंतरचा. मात्र एका स्क्रूवरून निकाल देऊ नये, दुरुस्तीत तो बदललेला असू शकतो. जुनी काच किंचित लहरी असते. डोके हलवले की पलीकडचे दृश्य हलते. कोरीवकामाच्या खोलगट भागात बोट फिरवा. उंच भाग हातांनी गुळगुळीत झालेला आणि खाचांत काळसर थर साचलेला, असे असेल तर वापर खरा. सगळीकडे सारखाच काळा रंग दिसला तर सावध व्हावे.

घरात ठेवायचे तर

मोठी कपाटे बहुधा एकसंध नसतात. वरची नक्षीदार पट्टी, काचेचा भाग आणि खालचा भाग वेगळे होतात. तोडण्याचा विचार करण्याआधी अनुभवी मिस्त्रीला दाखवा आणि नव्या इमारतीच्या लिफ्टचे माप घ्या. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे, पाय ओल्या फरशीवर टेकू नयेत. किताबे गच्च भरू नयेत. ऊन पडेल त्या दिवशी दारे उघडी ठेवावीत. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजून लगेच इलाज करावा. जुना थर खरवडून चकचकीत मेलामाइन मारण्याची घाई करू नये. चपडा लाखेचे हातपॉलिश पुन्हा करता येते. घासून गेलेली नक्षी परत येत नाही.

नातेवाईक आणि वाटणी

आखाती देशांत किंवा इंग्लंडमध्ये असलेला भाऊ म्हणतो, “कपाट मला पाठवून द्या.” पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवता येतो. शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१७ पासून अधिक कडक निर्बंध आहेत.

आणखी एक गोष्ट घराघरांत दुर्लक्षित राहते. वडिलांच्या पश्चात फ्लॅट, दागिने, बँकेतील रक्कम यांचा हिशेब होतो. कपाट मात्र जो त्या घरात राहतो त्याचेच धरले जाते. वडिलांच्या मालकीचे ते कपाटही वारशाचाच भाग असते आणि त्यात बहिणींचाही हिस्सा असतो. कपाटाचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून दोन-तीन ठिकाणी किंमत विचारावी. ज्याला ते हवे आहे त्याने ठेवावे आणि बाकीच्यांचा वाटा रकमेत द्यावा. कोणालाच नको असेल तर सगळ्यांच्या संमतीने, योग्य भावाने विकावे.

घर रिकामे करण्याची नोटीस येण्याची वाट पाहू नका. या रविवारी कपाटाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ते कोणी, कधी, कुठून आणले हे घरातील बुजुर्गांना विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. सांगणारी माणसे आहेत तोवर एवढे करून घ्यावे.