सांध्यांची गोष्ट – भाग ७ : काठी कोणत्या हातात?

बारामतीच्या एसटी स्टँडवर घटकाभर बसलात तरी दिसेल. उजव्या पायाने लंगडणारा माणूस काठीही उजव्याच हातात धरतो. दुखतं तिकडे आधार, असा आपला साधा हिशोब. मीही वर्षभर तशीच धरत होतो. तो हिशोब खुब्याला लागू पडत नाही.

गेल्या भागात पर्थेस आजार पाहिला. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तावाचून मऊ पडतो, दबतो आणि दोन-चार वर्षांत पुन्हा भरून येतो. मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पट जास्त. १९१० साली बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस या तिघांनी आपापल्या ठिकाणी ओळखलं, की हा खुब्याचा क्षय नव्हे. आपल्या दक्षिणेला उडुपीच्या किनारपट्टीवर तो बराच आढळतो, मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं आहे.

पोरगं पुन्हा धावायला लागतं आणि घरचे विसरून जातात. माझ्याविषयी आमच्या घरी तर ‘चिंचेवरून पडला होता’ एवढंच सांगत. पण भरून आलेला गोळा गोल राहिला की चपटा झाला, यावर पुढचं आयुष्य ठरतं. चपटा गोळा उखळीत नीट बसत नाही, कूर्चा झिजत जाते आणि चाळिशी-पन्नाशीत दुखणं परत येतं. तेही कधी जांघेत, तर कधी चक्क गुडघ्यात, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या नसांत काही एकच आहेत. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आहे आणि तरी लंगडणं थांबत नाही, तर खुब्याचा फोटो काढायला सांगा. लहानपणी लंगडत होतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

आता काठी. पाऊल उचललं की सगळं अंग एका खुब्यावर तोललं जातं. कमरेचं हाड म्हणजे तराजूची दांडी आणि खुबा म्हणजे तिचा टेकू, पण या तराजूचे दोन हात सारखे नाहीत. अंगाचं वजन टेकूपासून लांब पडतं, तर ते सावरणारा कुल्ल्याचा स्नायू टेकूला अगदी लागून असतो. म्हणून त्याला वजनाच्या जवळजवळ दुप्पट ओढावं लागतं. वजन आणि ओढ, दोन्ही मिळून खुब्यावर शरीराच्या अडीच-तीन पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला दोनशे किलोच्या आसपास! काठी विरुद्ध हातात धरली की ती टेकूपासून खूप लांब टेकते. तिथे हाताने दिलेला थोडासा दाब स्नायूची ओढ त्याच्या कित्येक पट कमी करतो. दुखऱ्या बाजूच्या काठीला हा लांबचा हातच मिळत नाही. मनगटाच्या घडीइतकी उंच काठी घ्या आणि ती दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाका.

याच गणिताने पाच किलो वजन उतरलं तर खुब्यावरचे पंधरा किलो उतरतात.

नीरा डाव्या कालव्याखालच्या शेतात दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईला ‘बसू नका’ म्हणणं सोपं आहे. ती तरी काय करणार? पण लांब दांड्याचं खुरपं, जमिनीवरच्या बैठकीऐवजी खुर्ची, घरात कमोड, आखूड पायाच्या चपलेला मोजून लावलेली उंची, एवढं घरच्यांना करता येतं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम रोज करावा. पोहता येत असेल तर विहिरीसारखं औषध नाही, फक्त उडी न मारता पायऱ्यांनी उतरा.

मेडिकलमधून महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या आणू नका, मूत्रपिंडं जातात. बिननावाच्या पुड्यांचं तर मला भय वाटतं. त्यांत स्टेरॉइड असलं तर चार दिवस आराम पडतो आणि तेच पुढे खुब्याच्या गोळ्याचं रक्त तोडू शकतं.

सांधा बदलण्याविषयी पुढच्या भागात लिहीन. आज एवढंच, की २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या हिशोबाप्रमाणे शंभरातले सुमारे ५८ कृत्रिम खुबे पंचवीस वर्षं टिकतात. रात्रीची झोप मोडायला लागली असेल तर वयाकडे बघत दुखणं अंगावर काढू नका.

वारीला जाऊ का, असं इंदापूरकडचे पुष्कळजण विचारतात. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. सगळी वाट चालायचा हट्ट नको. आधी महिना-दोन महिने थोडं थोडं चालून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर अंतर कमी करा. गेल्या वर्षी मी काटेवाडीपर्यंत चाललो. मेंढ्यांचं रिंगण पाहिलं आणि गाडीने परत आलो. दुखतो तो उजवा खुबा, काठी डाव्या हातात होती.