ट्रायम्फ स्टॅग आणि रोव्हरचे एंजिन : एका पर्यायाची चिकित्सा

जुन्या मोटारगाडीचे मूळ एंजिन वारंवार दगा देऊ लागले, म्हणजे प्रतिस्पर्धी कारखान्याचे अधिक भरवशाचे एंजिन किंवा त्याचे काही भाग तिच्यात बसवावेत, हा विचार स्वाभाविकपणेच पुढे येतो. वरवर पाहता हा प्रश्न केवळ मापांचा वाटतो. जागा पुरते काय, भोके जुळतात काय, एवढेच पाहावयाचे असे समजले जाते. वस्तुतः मापांच्या आधी निदानाचा प्रश्न येतो. बिघाडाचे कारण जो भाग बदलावयाचा त्याच भागात आहे, की तो भाग ज्या व्यवस्थेचा घटक आहे त्या व्यवस्थेत, हे ठरविल्यावाचून केलेला बदल यशस्वी झाला तरी त्याचे यश आकस्मिकच ठरते. या दृष्टीने इंग्लंडमधील ट्रायम्फ स्टॅग या गाडीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

दोन कारखाने, दोन एंजिने

रोव्हर आणि ट्रायम्फ हे दीर्घकाळ एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. १९६३ च्या ऑक्टोबरात दोघांनीही दोन लिटर वर्गाची आपापली नवी गाडी एकाच वेळी बाजारात आणली, यावरून त्या स्पर्धेची कल्पना येते. ट्रायम्फ १९६१ पासून लेलँडच्या मालकीची होती. १९६७ मध्ये रोव्हरही लेलँडमध्ये आली आणि १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड हा मोठा समूह अस्तित्वात आला. मालकी एक झाली, तरी दोन्ही कारखान्यांचे अभिकल्प विभाग आपापल्या वाटेनेच चालत राहिले.

स्टॅग ही चार आसनी, उघड्या टपाची गाडी १९७० मध्ये विक्रीस आली. तिचा बाह्याकार इटलीचे जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी घडविला होता. तिच्यासाठी ट्रायम्फने व्ही आकाराचे आठ सिलिंडरांचे स्वतंत्र एंजिन तयार केले. सिलिंडरचा व्यास ८६ मि.मी., दट्ट्याची धाव ६४.५ मि.मी. आणि एकूण घनफळ २,९९७ घ.सें.मी. अशी त्याची मापे असून शक्ती सुमारे १४५ अश्वशक्ती होती. ठोकळा बिडाचा आणि दोन्ही हेडे ॲल्युमिनियमची होती; प्रत्येक हेडवर झडपा उघडणारा स्वतंत्र कॅमदांडा होता.

रोव्हरच्या हाती याच सुमारास आठ सिलिंडरांचे दुसरे एंजिन होते. त्याचा जन्म अमेरिकेतील ब्यूइक कारखान्यात झाला होता. १९६१ ते १९६३ या काळात वापरून जनरल मोटर्सने ते सोडून दिले आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. त्याचा ठोकळा व हेडे दोन्ही ॲल्युमिनियमची, घनफळ ३,५२८ घ.सें.मी., आणि कॅमदांडा एकच, तोही दोन्ही रांगांमधील खोलगट भागात बसविलेला. १९६७ पासून रोव्हरच्या गाड्यांत त्याने चांगला लौकिक मिळविला. म्हणजे ज्या एंजिनाकडे स्टॅगचे मालक पुढे आशेने पाहू लागले, ते मुळात स्वतःच एक दत्तक एंजिन होते.

मूळ एंजिनाचा विकार

स्टॅगच्या एंजिनाची अपकीर्ती मुख्यतः अतितापामुळे झाली. त्याची कारणे अनेक असून ती परस्परांत गुंतलेली आहेत. पहिले कारण पाण्याच्या पंपाच्या जागेचे होय. हा पंप दोन रांगांच्या मध्ये, एंजिनाच्या वरच्या भागात बसविलेला आहे. पाण्याची पातळी थोडी जरी खाली गेली, तरी पंपात हवा शिरते व अभिसरण मंदावते. खालच्या बाजूस असलेल्या पंपाला जी घट सहज सोसते, ती या पंपाला सोसत नाही.

दुसरे कारण दोन धातूंच्या संयोगाचे. बिडाचा प्रसरण गुणांक दर अंशास सुमारे ११ दशलक्षांश, तर ॲल्युमिनियमचा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. अर्धा मीटर लांबीच्या दोन पट्ट्या ८० अंश सेल्सियसने तापविल्यास त्यांच्या लांबीत सुमारे ०.४ ते ०.५ मि.मी. एवढा फरक पडतो. एंजिन दर वेळी तापताना व निवताना हेड आणि ठोकळा यांमधील गॅस्केटला हे घर्षण सोसावे लागते. अतिताप झाला, की हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. शिवाय हेडाच्या बोल्टांची एक रांग उभी व दुसरी तिरपी असल्यामुळे, गंज चढल्यावर हेड काढणे हे कारागिरांची परीक्षा पाहणारे काम होऊन बसते.

तिसरे कारण रासायनिक होय. बीड, ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आले, की विद्युत्‌रासायनिक क्षरण सुरू होते. गंजरोधक द्रव्य बारमाही वापरले, तरच ते आटोक्यात राहते. ते न वापरल्यास क्षरणाचा गाळ, आणि त्याच्या जोडीला ओतकामाच्या वेळी आत राहून गेलेली वाळू, रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचते. चौथा दोष तापाशी संबंधित नाही. कॅमदांडे फिरविणाऱ्या एकेरी साखळ्या लांब असून त्या सैल पडून दात चुकल्या, तर झडपा दट्ट्यांवर आदळतात.

बदल करताना काय बदलते

स्टॅगचे उत्पादन १९७७ मध्ये थांबले तोवर सुमारे २६ हजार गाड्या निघाल्या होत्या. त्यांपैकी अनेकांच्या मालकांनी मूळ एंजिन काढून रोव्हरचे बसविले; काहींनी फोर्डचे सहा सिलिंडरांचे एंजिनही पत्करले. येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ट्रायम्फ आणि रोव्हर यांच्या एंजिनांचे सुटे भाग एकमेकांत चालत नाहीत, कारण कॅमदांड्यांची रचनाच मुळात भिन्न आहे. याउलट, ब्यूइकच्या १९६४ मधील ३०० घन इंची एंजिनाचा क्रँकदांडा, त्याच्या मुख्य बेअरिंगांवरील भागांचे व्यास घासून कमी केल्यास, रोव्हरच्या ठोकळ्यात बसविता येतो. त्याची धाव ३.४ इंच असल्याने मूळचा ८८.९ मि.मी. व्यास कायम ठेवूनही एंजिन सुमारे ४.३ लिटरचे होते. त्यास अनुरूप दट्ट्या मात्र निवडावे लागतात. सुट्या भागांची अदलाबदल कारखान्याच्या नावावर अवलंबून नसून अभिकल्पाच्या कुळावर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

कूळ भिन्न असल्यामुळे स्टॅगमध्ये संपूर्ण एंजिनच बदलावे लागते, आणि त्याबरोबर इतर अनेक गोष्टी बदलतात. क्लचचे आवरण एंजिनाच्या पाठीशी जुळावे लागते. म्हणून पुष्कळांनी रोव्हरची पाच वेगांची गिअरपेटीच सोबत घेतली, व त्यामुळे मागे जाणाऱ्या दांड्याची लांबीही नव्याने ठरवावी लागली. ॲल्युमिनियमचे एंजिन हलके असल्याने पुढच्या कमानींवरील भार घटतो, गाडीचे नाक उचलले जाते आणि चाकांची ठेवण पुन्हा तपासावी लागते. कार्ब्युरेटरांच्या उंचीचाही प्रश्न येतो. याच एंजिनाच्या एम.जी.बी. गाडीतील रूपांतरात केन कॉस्टेलो यांनी बॉनेटला उंचवटा दिला, तर १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची आवृत्ती काढताना कार्ब्युरेटर मागे सरकविले.

लहानसहान उपकरणांकडे दुर्लक्ष केल्यास तेही महागात पडते. चार धावांच्या आठ सिलिंडरी एंजिनात प्रत्येक फेऱ्यास चार ठिणग्या पडतात, म्हणून रोव्हरचे एंजिन बसविल्यावर फेरेमापक बरोबर चालतो. सहा सिलिंडरांत तीनच ठिणग्या पडत असल्याने तोच मापक खऱ्या फेऱ्यांच्या तीन चतुर्थांश फेरे दाखवितो. तापमापकाचा संवेदक आणि त्याची तबकडी यांची जोडी न जुळल्यास काटा खोटे सांगतो. अतितापाच्या भीतीने केलेल्या बदलात तापमापकच अविश्वसनीय ठरणे याहून मोठा विपर्यास नाही.

विकार कोठे होता

इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णता शीतन व्यवस्थेतून बाहेर टाकावी लागते. १४५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १०८ किलोवॉट. तेव्हा पूर्ण शक्तीवर जवळजवळ तितकीच उष्णता रेडिएटरला हाताळावी लागते. अधिक शक्तीचे एंजिन पूर्ण क्षमतेने चालविल्यास हा बोजा वाढतोच. गाळाने तुंबलेला रेडिएटर तसाच ठेवून रोव्हरचे एंजिन बसविले, तर जुना विकार नव्या घरात राहावयास येतो. उलटपक्षी, ज्यांनी रेडिएटर स्वच्छ केला किंवा मोठा बसविला, ठोकळ्यातील गाळ काढला, गंजरोधक द्रव्य वर्षभर वापरले, पाण्याची पातळी राखली आणि साखळ्या वेळच्या वेळी बदलल्या, त्यांच्या गाड्यांत ट्रायम्फचे मूळ एंजिनही समाधानकारक चालते, असा नंतरच्या काळातील अनुभव आहे. म्हणून मूळ एंजिन राखलेल्या गाडीस संग्राहक आज अधिक मान देतात, आणि पूर्वी रोव्हरचे एंजिन बसविलेल्या काही गाड्यांत ट्रायम्फचे एंजिन परतही आले आहे.

याचा अर्थ एंजिन बदलणारे सारेच चुकले असा नव्हे. हेड वाकलेले, सुटे भाग दुर्मिळ आणि जाणकार कारागीर जवळ नाही, अशा स्थितीत गाडी भंगारात जाण्यापेक्षा परक्या एंजिनावर चालत राहिली, हेच श्रेयस्कर होते. अनेक स्टॅग गाड्या या बदलामुळेच वाचल्या. परंतु बदल करताना मूळ एंजिन जपून ठेवणे आणि सांगाडा न कापता परतीचा मार्ग मोकळा ठेवणे, हे शहाणपणाचे होय. कायद्याच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये एंजिन बदलल्याची नोंद करावी लागते. भारतात २०२१ मध्ये झालेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस विंटेज म्हणून नोंदणी मिळण्यासाठी तिच्या सांगाड्यात, बाह्यांगात किंवा एंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे.

सारांश, परक्या एंजिनाची योग्यता त्याच्या शक्तीवरून किंवा लौकिकावरून ठरत नाही. शीतन, भार, गिअरपेटी आणि मापक यांच्याशी त्याचा संबंध कसा जुळतो, यावरून ती ठरते. हा संबंध तपासू लागल्यावर पुष्कळदा असे आढळते, की दोष एंजिनापेक्षा त्याच्या संगोपनात अधिक होता. ते तपासण्याचे श्रम एंजिन बदलण्याच्या श्रमांहून कमी असतात, आणि ते आधी करावयाचे असतात.