नोटेवरची सही

घरात एखादी जुनी नोट असेल तर ती काढून पाहा. तिच्या मागच्या बाजूला रक्कम अनेक भाषांत लिहिलेली असते. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. पुढच्या बाजूला एक सही असते. एक रुपयाच्या नोटेवर अर्थ मंत्रालयाच्या सचिवांची सही असते. त्याहून मोठ्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. या दोन्ही प्रकारच्या नोटांवर सही करण्याचा मान फार थोड्यांना मिळाला. त्यांपैकी एक म्हणजे डॉ. मनमोहन सिंग. ते २००४ ते २०१४ या काळात पंतप्रधान होते, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण इथे आपण त्याआधीचे मनमोहन सिंग पाहणार आहोत. ते सरकारी नोकर होते, सल्लागार होते.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९३२ रोजी गाह या खेड्यात झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आई लहानपणीच वारली. आजीने त्यांना वाढवले. गावात वीज नव्हती. रॉकेलच्या दिव्याशेजारी बसून ते अभ्यास करत. आणि त्यांच्या शाळेची भाषा कोणती होती? तुमचीच, उर्दू! पुढे पंतप्रधान झाल्यावरही ते हिंदी भाषणे उर्दू लिपीत लिहिलेल्या कागदांवरून वाचत.

१९४७ साली फाळणी झाली. त्यांच्या कुटुंबाला घर सोडून अमृतसरला यावे लागले. तिथून पंजाब विद्यापीठ, मग इंग्लंडमधील केंब्रिज आणि ऑक्सफर्ड असा त्यांचा प्रवास झाला. १९६२ साली त्यांना ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता भारताची निर्यात. निर्यात म्हणजे आपला माल दुसऱ्या देशांना विकणे. त्या काळी अनेक विद्वान म्हणत, "गरीब देशांचा माल जगात खपणारच नाही." मनमोहन सिंगांनी आकडे तपासले. दोष केवळ जगाच्या बाजाराचा नाही, आपल्या धोरणांचाही आहे, असे त्यांनी लिहिले. हे त्यांचे म्हणणे लक्षात ठेवा. त्याचे पुढे काय झाले, हीच खरी गोष्ट आहे.

१९७१ साली ते सरकारात आर्थिक सल्लागार म्हणून आले आणि १९७२ साली मुख्य आर्थिक सल्लागार झाले. सल्लागार म्हणजे उर्दूत आपण ज्याला मुशीर म्हणतो तो. तो आकडे जमवतो, टिपण लिहितो, धोक्याची सूचना देतो. मात्र निर्णय मंत्री घेतात. सल्ला मानला नाही, तरी सल्लागाराला दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर बसून पुढचे टिपण लिहावे लागते.

तो परवान्यांचा काळ होता. कारखाना काढायचा तर परवाना लागे. जास्त माल बनवायचा, तर त्यालाही परवाना! पुण्यात बनणाऱ्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे वाट पाहत. मनमोहन सिंग याच व्यवस्थेत सचिव झाले, १९८२ ते १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून मुंबईत राहिले, नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही झाले. एवढी मोठी पदे असूनही ते मोठ्याने का बोलले नाहीत, असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्याची सवयच टिपण लिहिण्याची, तो ओरडणार कसा?

मग १९९१ साल उजाडले. आखाती युद्धामुळे खनिज तेल महागले होते. आखातात काम करणारे हजारो भारतीय घरी परतले होते आणि त्यांनी पाठवलेला पैसा थांबला होता. परदेशातून माल आणायला डॉलर लागतात. ते जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतील एवढेच उरले. अडचणीत आई हातातल्या बांगड्या गहाण ठेवते ना, तसे देशाने केले. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी पाठवून गहाण ठेवले.

त्याआधी जूनमध्ये पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले होते. (हे गृहस्थ मराठी आणि उर्दू दोन्ही जाणत. 'पण लक्षांत कोण घेतो' या मराठी कादंबरीचे तेलुगू भाषांतर त्यांनीच केले.) अर्थमंत्री व्हा, असा निरोप त्यांनी मनमोहन सिंगांना पाठवला. निरोप मिळूनही मनमोहन सिंग दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कचेरीत कामाला गेले. त्यांना ते खरे वाटलेच नव्हते! शेवटी त्यांना शोधून शपथविधीला बोलवावे लागले. आजवर सल्ला देणाऱ्यालाच आता निर्णय घ्यायचा होता.

जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा कमी करण्यात आली. त्यामुळे आपला माल परदेशात स्वस्त झाला. २४ जुलैला नवे उद्योग धोरण जाहीर झाले. १८ उद्योग सोडून बाकी सर्वांचा परवाना रद्द झाला. त्याच दिवशी त्यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यात खताची किंमत ४० टक्क्यांनी वाढवली होती. खासदार भडकले, त्यांच्याच पक्षाचेही. तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली आणि लहान शेतकऱ्यांना सूट द्यावी लागली. टिपणात नुसता आकडा असतो. तोच आकडा सभागृहात मांडला की त्याच्यामागे शेतकरी उभा राहतो. हे मनमोहन सिंग त्या दिवसांत शिकले असावेत.

हा परदेशी संस्थांचा हुकूम आहे, असे विरोधक म्हणाले. नव्या धोरणाचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही, ही तक्रारही खोटी नाही. पण डॉलरची गंगाजळी पुन्हा वाढू लागली. गहाण ठेवलेले सोने त्याच वर्षाच्या अखेरीस सोडवले गेले. १९६२ च्या प्रबंधातले म्हणणे खरे करून पाहण्याची संधी यायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ रोजी वारले. ते पंतप्रधान असताना, २००९ साली, रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सोने विकत घेतले. ते होते २०० टन.