राखीव जागांचा हक्क आणि घरातील कागद

१९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते व खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे आले होते. त्या कामाच्या निमित्ताने बाबासाहेब चाळीसगावला उतरले आणि धुळे मार्गावरील एका गावी सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतले. स्टेशनवर आपले लोक हार घेऊन उभे होते. परंतु अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, नदीच्या पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

स्टार्ट समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा, वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांचा मुंबई इलाख्यातील पाया त्यातून घातला गेला. आज देवपुरातील एखादा विद्यार्थी समाज कल्याणच्या वसतिगृहात राहून शिकतो, तेव्हा त्या व्यवस्थेच्या मुळाशी खानदेशच्या रस्त्यावरील ही वेदना आहे, हे त्याने विसरू नये. पुढे जुलै १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी बाबासाहेब धुळ्यास आले. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपण जमतो, ते त्या आठवणीसाठी. आठवण जपतो ही आनंदाची बाब आहे. परंतु त्यांनी मिळवून दिलेल्या हक्कांची माहिती आपण तितक्याच आस्थेने जपतो काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

सवलत नव्हे, हक्क

राखीव जागा ही कोणी केलेली मेहरबानी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना राखीव जागा मिळाल्या व १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. संविधानाच्या कलम १५(४) मध्ये शिक्षणाचा, कलम १६(४) मध्ये नोकरीचा आणि कलम ४६ मध्ये दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हिताचा विचार आहे.

महाराष्ट्राचा राखीव जागांचा कायदा २००१ सालचा असून तो २००४ मध्ये अमलात आला. त्यात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींना मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के जागा आहेत.

बौद्धांचा वेगळा प्रश्न

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला; परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्या वेळी केवळ हिंदू व शीख व्यक्तीलाच अनुसूचित जातीचे मानले जात असे. त्यामुळे धर्मांतराबरोबर सवलतीही गेल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने राज्यापुरत्या त्या नवबौद्धांना परत दिल्या. केंद्राचे दार मात्र १९९० पर्यंत बंदच होते. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून त्या आदेशात बौद्धांचा समावेश केला. ३४ वर्षांत एक संपूर्ण पिढी केंद्रीय नोकरीच्या वयातून निघून गेली.

याचा परिणाम आजही कागदावर उमटतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ असते. तिन्ही नोंदी खऱ्या असल्या तरी कार्यालयातील कारकून त्यांची साखळी मागतो. केंद्र सरकारच्या सूचीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही. सूचीत मूळ जात आहे व धर्म बौद्ध असला तरी तिचा लाभ मिळतो. म्हणून केंद्रीय परीक्षा, बँक, रेल्वे किंवा केंद्रीय विद्यापीठ यांसाठी केंद्राच्या नमुन्यातील, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला वेगळा काढावा लागतो.

‘जो शब्द टाकून दिला तो पुन्हा का लिहायचा?’ असे अनेक वडीलधारे विचारतात. त्यांच्या मनातील सल आम्ही समजू शकतो. परंतु कागदावर मूळ जात लिहिणे म्हणजे ती मानणे नव्हे. ज्या अन्यायाची भरपाई मागायची, त्या अन्यायाचा तो पुरावा आहे. जनगणनेतही हेच लागू आहे. धर्म ‘बौद्ध’ लिहिला आणि जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’च लिहिले, तर ती व्यक्ती अनुसूचित जातींच्या संख्येत धरली जात नाही, आणि राखीव मतदारसंघ व निधी या संख्येवर ठरतात. केंद्र सरकारने २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले, त्यामुळे ही बाब घरोघरी सांगणे अगत्याचे आहे.

दाखला आणि पडताळणी

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांतसाहेब देतात. त्यासाठी सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर अर्ज करता येतो. वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समिती देते. खोट्या दाखल्यांना आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात या समित्यांची पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राने त्यावर स्वतंत्र कायदा केला. खोटा दाखला घेणाऱ्यास या कायद्यान्वये कैद होऊ शकते.

अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी आपले कुटुंब जेथे राहत होते, तेथील प्रांत कार्यालयातून दाखला काढावा लागतो. देवपुरात राहणारा, परंतु मूळचा अमळनेर किंवा पारोळ्याकडचा असलेल्या कुटुंबाने हे आधी पाहावे. विवाहित स्त्रीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या कागदांवर निघतो. पुरावा त्या तारखेपूर्वीचा असल्यास उत्तम. त्यासाठी पुढील ठिकाणे शोधावीत :

१. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा.
२. गावच्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल.
३. महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे व फेरफार. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपली; परंतु महसुली दप्तरातील नोंदी राहिल्या.
४. वडील, सख्खे काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कोणाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास ते.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर? आपल्या बहुतेक घरांत हीच स्थिती आहे. अशा वेळी वतनाची नोंद आणि गाव नमुना १४ हेच कामी येतात. ज्या वतनाने आपल्याला गावाचे वेठबिगार केले, त्याच वतनाचा कागद नातवाला इंजिनिअर करण्यास उपयोगी पडतो, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. समितीने दावा नाकारल्यास आपल्या भागासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागता येते.

आमच्या पाहण्यात एक प्रसंग आला. वडील हमाली करणारे, मुलगा हुशार, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी यादीत नाव लागले. वैधतेचा अर्ज मात्र निकालानंतर केला. मुदत संपली आणि जागा गेली. पुढे महिनाभरातच प्रमाणपत्र घरी आले. मुलगा नापास झाला नव्हता; घर उशिरा जागे झाले. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा, एवढे जरी या लेखातून लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

कोणते काम कोठे होते

दहावीपर्यंतच्या शिष्यवृत्त्या, उदाहरणार्थ मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागाकडून शाळेमार्फत येतात. दहावीनंतरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहे आणि स्वाधार योजना या राज्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. कुटुंबाचे उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेबाहेर असल्यास फ्रीशिपमधून शिक्षण व परीक्षा शुल्क मिळू शकते. ज्यांना वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन व निवासाची रक्कम खात्यावर मिळते. एक गैरसमज दूर व्हावा : नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र अनुसूचित जातींना लागत नाही, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

साक्री-शिरपूरकडील आपले आदिवासी बांधव याच गावात शिकायला येतात. त्यांचे वसतिगृह व शिष्यवृत्तीचे काम आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे असते. त्यांना चुकीच्या दारी ताटकळू देऊ नये.

पुण्याची ‘बार्टी’ स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण व संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाची संधी आहे. व्यवसायासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ कर्ज व अनुदान देते.

नोकरी व बिंदुनामावली

टक्केवारी प्रत्यक्षात उतरते ती बिंदुनामावलीतून. संवर्गात १०० पदे असतील तर प्रत्येक पदाला क्रमाने प्रवर्ग ठरवलेला असतो व त्यांतील १३ बिंदू अनुसूचित जातींचे असतात. १९९५ च्या सभरवाल निकालाने हा हिशेब रिक्त जागांवर न करता पदांवर करावा, असे ठरले. बिंदू ज्या प्रवर्गाचा, ते पद रिकामे झाल्यावर त्याच प्रवर्गातून भरायचे. गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडलेला आपला उमेदवार राखीव जागेत मोजायचा नाही. नामावलीची तपासणी विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्ष करतो. आपला विभाग नाशिकचा. एखाद्या संस्थेत अनुशेष दडवला जात असल्याची शंका असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नामावलीची प्रत मागावी. तक्रार करताना भाषणापेक्षा प्रत अधिक बोलते.

अन्याय झाल्यास

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये विनियम करून प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष असावा, असे ठरवले. त्याच्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचे पुण्यात कार्यालय आहे. संविधानाच्या कलम ३३८ नुसार चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तो कागदपत्रे मागवू शकतो व अधिकाऱ्यास हजर राहण्यास सांगू शकतो. त्याला साधा लेखी अर्जही पुरतो.

कायदे झाले, कार्यालये झाली, निधीही आहे. उणीव आहे ती या दारापासून त्या दारापर्यंत हात धरून नेणाऱ्या माणसाची. समाजातील प्रत्येक नोकरदाराने वर्षाकाठी दोन विद्यार्थ्यांचे अर्ज स्वतः बसून भरून द्यावेत. आणि प्रत्येक घराने या आठवड्यात एक काम करावे : पेटी उघडून आजोबांचा जो कागद सापडेल, त्याची नक्कल काढून जपून ठेवावी. कागद नसेल तर आजीला मूळ गाव विचारून घ्यावे. आजी आहे तोवर गावाचे नाव आहे. चाळीसगावला टांगा होता, हाकणारा नव्हता. आज हक्क आहेत, हाकणारे आपणच व्हायचे आहे. जय भीम.