परवाना भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

औषधांच्या दुकानांना शिस्त लावण्याचा आपल्याकडचा इतिहास आता पाऊणशे वर्षांहून जुना आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातल्या भेसळीची चौकशी केली, त्यातून १९४० चा औषध कायदा आला, १९४५ मध्ये त्याचे नियम झाले आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टपुरता ठेवला. हे सगळे आज वाचताना आश्चर्य वाटते ते त्यातल्या बारकाईचे. दुकान किमान दहा चौरस मीटरचे हवे. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचे. दिल्यावर त्या चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख टाकायची, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानातून पुन्हा औषध उचलता येणार नाही. आपल्या घरातल्या जुन्या चिठ्ठ्या काढून पाहाव्यात. किती चिठ्ठ्यांवर असा शिक्का आहे? दहा चौरस मीटरची अट मात्र सगळीकडे पाळलेली दिसेल. इतक्या वर्षांत आपण दुकानाची जागा, फ्रिज आणि रजिस्टर यांचा दर्जा सांभाळला. ज्याच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्या फार्मासिस्टचा नाही.

प्रत्येक दुर्घटनेनंतर नियमांत भर पडत गेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर थांबवायला मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले: रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव-पत्ता, औषध आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड आला. यातले एकही पाऊल चुकीचे नव्हते. पण रजिस्टर तपासणी अधिकाऱ्याला दाखवता येते. गिऱ्हाइकाशी झालेले किंवा न झालेले बोलणे दाखवता येत नाही. त्यामुळे पाळले गेले ते दाखवता येणारे. अपवाद २०१२ च्या सुमाराचा. तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने महेश झगडे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीचाच आग्रह धरला, दुकानांवर कारवाया केल्या आणि विक्रेत्यांनी बंद पुकारले. जो नियम १९४५ पासून पुस्तकात होता, तो पाळायला सांगताच एवढा गदारोळ झाला, यावरून तोवर तो किती पाळला जात होता हे कळते.

विक्रेत्यांची अडचण खोटी नाही. सकाळी नऊ ते रात्री अकरा दुकान उघडे ठेवायचे तर एका फार्मासिस्टने भागत नाही, आणि लहान गावातल्या मेडिकलला दोन पगार झेपत नाहीत. पण त्यावर आपण शोधलेला मार्ग म्हणजे भिंतीवर एकाचे सर्टिफिकेट भाड्याने टांगायचे आणि गल्ल्यावर दुसऱ्याला बसवायचे. दरवर्षी डी. फार्म. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांची महाराष्ट्रात वाण नाही. वाण आहे ती त्यांना पूर्ण दिवसाचा रास्त पगार देण्याच्या तयारीची. फार्मासिस्ट असेल तेवढेच तास चिठ्ठीची औषधे विकणे हा कमी कमाईचा पण प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कारखान्यातच विष मिसळले असेल तर काउंटरवरचा माणूस काय करणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्यात दूषित कफ सिरपने झालेल्या मुलांच्या मृत्यूंनंतर हेच विचारले गेले. त्यातली कित्येक मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. बाटलीतले डायइथिलिन ग्लायकॉल डोळ्यांना दिसत नाही, हे खरे. तरी त्या कफ सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन होते, आणि हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावले होते. "बाळाचे वय किती?" एवढे विचारून डॉक्टरांना फोन लावणारा फार्मासिस्ट असता, तर दूषित असो वा शुद्ध, ती बाटली लहान मुलाच्या हाती जाण्यापूर्वी एकदा तरी अडली असती. शिवाय दूषित बॅच परत मागवताना ती कोणाकोणाच्या घरी गेली हे बिलावरच्या बॅच नंबरवरून कळते. बिलच फाडले नाही, किंवा पट्टी मधून कापून बॅच आणि एक्सपायरीचा तुकडा दुकानातच राहिला, तर शोध तिथेच खुंटतो.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी बॅच नंबर असलेले बिल मागा, चिठ्ठीवर शिक्का मारून घ्या आणि दुकानातला फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा. तो समोर नसेल, तर चिठ्ठीचे औषध त्या दुकानातून घेऊ नका.