जोडीने पाहावे रोम

आपल्याकडे नवरा-बायकोने जोडीने घराबाहेर पडायचे ते देवाला जायला. पंढरपूर, तुळजापूर, माहूरगड आणि फार झाले तर उतारवयात काशी. नुसते शहर पाहायला म्हणून दोघांनी गाठोडे बांधावे ही कल्पना नवी आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८८७ साली महाराणी चिमणाबाईंसह युरोपला गेले, पण ते राजे होते. पुढे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या युरोपच्या फेरीची हकिकत 'अपूर्वाई' या नावाने १९६० साली पुस्तकरूपाने आली. मध्यम स्थितीतले मराठी जोडपेही हे धाडस करू शकते, असे ते पुस्तक वाचणाऱ्या घराघरांना तेव्हा वाटू लागले.

आता तर नांदेडचे निवृत्त मुख्याध्यापक आणि लातूरच्या शिक्षिका बाई यात्रा कंपनीच्या बसमधून दहा दिवसांत सहा देश करून येतात. यात वाईट काही नाही. पण एक विचार करा. निवृत्तीच्या पैशातून काही लाख रुपये बाजूला काढले, गुडघे दुखत असताना चार जिने चढलो, आणि परत आल्यावर शेजाऱ्याने विचारले, "काय पाहिलेत हो?" तर मोबाइलमधली छायाचित्रे दाखवण्यापलीकडे सांगण्यासारखे काही उरले नाही. मग तो खर्च कशाचा झाला? पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे. रोम हे एकच शहर घेऊन ती कशी शिकावी, ते पाहू.

तुम्ही म्हणाल, पॅरिस नाही, लंडन नाही, रोमच का? कारण नांदेड-लातूरच्या माणसाला रोममध्ये आपल्या घरच्या चार गोष्टी भेटतात. पाणी, भूकंप, यात्रा आणि व्यापार.

पहिल्याने पाणी. रोममध्ये उतरलात की रस्त्याच्या कडेला कमरेएवढा लोखंडी खांब दिसेल. त्याला वाकडी तोटी, आणि तिच्यातून रात्रंदिवस गार पाण्याची धार चालू. तिथले लोक त्याला 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. १८७४ सालापासून हे नळ बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरात असे दोन हजारांवर नळ आहेत. पाणी पिण्याचे आहे, फुकट आहे. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून धार उसळते. तोंड लावून प्यावे. बाटलीचे पाणी विकत घेण्याची गरज नाही.

आता लातूरचा माणूस ही वाहती धार पाहून गप्प उभा राहिला, तर त्याला हसू नका. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून 'जलदूत' नावाची आगगाडी पाण्याने भरून लातूरला आली. पहिल्या खेपेस दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रुळांवरून पाणी आणून एक शहर जगवावे लागले. घागरी घेऊन रात्र काढलेल्या बाईला त्या रोमच्या नळापाशी काय वाटेल, ते कोणत्या मार्गदर्शकाला सांगता येणार?

पण रोमलाही हे पाणी आयते मिळालेले नाही. शहराला दूरच्या झऱ्यांवरून पाणी आणण्यासाठी प्राचीन काळी अकरा कालवे बांधले गेले. त्यांतला 'आक्वा व्हर्गो' हा कालवा इसवी सनापूर्वी १९ साली अग्रिप्पा नावाच्या सेनापतीने पुरा केला. लांबी वीस किलोमीटरच्या आसपास आणि बहुतेक भाग जमिनीखालून. पंप नाही, इंजिन नाही. झरा उंचावर, शहर खाली. मधला उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी ना थांबावे ना कालवा फोडावे. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली, तिचे तत्त्व हेच.

पुढचा भाग शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावा. इसवी सन ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि हे कालवे तोडले. भरभराटीच्या काळी दहा लाखांच्या घरात वस्ती असलेले शहर. आधीच्या लढायांनी आणि साथींनी ते खचत चालले होतेच. पाणी तुटल्यावर ते आणखी ओस पडत काही हजारांवर आले. उंच टेकड्या सोडून लोक नदीकाठच्या सखल भागात दाटीने राहू लागले. व्हर्गो कालवा जमिनीखाली होता म्हणून कसाबसा तगला. शेकडो वर्षांनी त्याची दुरुस्ती झाली, आणि त्याच्याच शेवटी १७६२ साली ट्रेव्हीचे प्रसिद्ध कारंजे पुरे झाले. सारे प्रवासी तिथे पाठमोरे उभे राहून नाणे टाकतात. तुम्हीही टाका, ती नाणी पुढे गोळा करून गरिबांच्या मदतीसाठी दिली जातात. पण टाकण्यापूर्वी हे पाणी कुठून आले, तेवढे आठवा.

दुसरी गोष्ट भूकंप. कोलोसियम हे रोमचे मोठे खेळघर. सम्राट व्हेस्पाशियनने बांधायला घेतले आणि त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये खुले केले. पन्नास हजारांच्या आसपास माणसे बसत. इथे माणसांना माणसांशी आणि श्वापदांशी झुंजवत आणि लोक ते मौजेने पाहत, हेही विसरू नये. मोठी इमारत म्हणजे मोठी माणुसकी नव्हे. तर या इमारतीला बाहेरून एक फेरी घाला. एका बाजूला चार मजली भिंत शाबूत दिसेल. दक्षिणेच्या बाजूला ती दिसत नाही. बसमधून उतरून पाच मिनिटांत छायाचित्र घेणाऱ्याच्या ध्यानात हे येत नाही. ती बाजू १३४९ सालच्या भूकंपात कोसळली. त्या अंगाला पायाखालची जमीन नदीच्या गाळाची, भुसभुशीत होती. पडलेले दगड लोकांनी वाहून नेले आणि त्यांतून शहरात दुसऱ्या इमारती उठल्या.

किल्लारीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, गाव गाढ झोपेत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर फूटभर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच घर अंगावर आले आणि हजारो माणसे दगावली. भूकंपाइतकाच डोक्यावरचा भार मारतो, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

तो धडा मनात ठेवून पँथिऑनच्या घुमटाखाली उभे राहा. हे देऊळ सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५ च्या सुमारास पुरे झाले. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंत उंचीही तेवढीच. लोखंडी सळई एकही नाही. चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणात दगडाचे तुकडे घालून हे ओतकाम केले आहे. मग हा डोलारा उभा कसा? कारागिरांनी खाली जड दगड वापरला, वर वर जाताना हलका, आणि माथ्यापाशी पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड. भिंतीकडे घुमटाची जाडी सुमारे सहा मीटर, माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर. आतून चौकोनी खळगे कोरून आणखी वजन काढले. आणि अगदी मध्यावर, जिथे भार सर्वांत नकोसा, तिथे काहीच ठेवले नाही. आठ-नऊ मीटरचे गोल भोक आहे. त्यातून ऊन येते, पाऊसही येतो आणि जमिनीतल्या बारीक छिद्रांवाटे वाहून जातो. आपल्या माळवदाच्या नेमकी उलट रीत. इसवी सन ६०९ मध्ये या देवळाचे चर्च झाले, म्हणून त्याची देखभाल होत राहिली. २०२३ पासून इथे तिकीट लागते.

गुरुजी, हा घुमट तुम्हाला शाळेत दाखवता येईल. पटांगणाच्या मध्यावर खुंटी ठोका, साडेएकवीस मीटरची दोरी बांधा आणि फक्कीने वर्तुळ काढा. मुलांना त्यात उभे करा आणि सांगा, एवढी जागा मध्ये खांब न देता जवळपास एकोणीसशे वर्षे झाकलेली आहे.

तिसरी गोष्ट यात्रेची. नांदेडकरांना हे अधिक कळेल. रोमच्या पोटात व्हॅटिकन हे १९२९ सालापासूनचे वेगळे राज्य आहे. क्षेत्र अर्धा चौरस किलोमीटरही नाही, पण जगभरचे कॅथलिक लोक तिथे येतात. सेंट पीटरच्या चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत; मात्र तपासणीची रांग मोठी असते आणि खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. आपल्या सहावारी किंवा नऊवारी नेसणाऱ्या बाईला तिथे कोणी अडवणार नाही. अडतो तो अर्ध्या चड्डीतला तरुण. दर पंचवीस वर्षांनी तिथे जयंतीवर्ष असते. २०२५ साली ते झाले आणि त्याआधी सारे शहर खोदून रस्ते, चौक नवे केले गेले. २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीसाठी आपल्या नांदेडात झालेली कामे आठवतात ना? गोदाकाठ असो की टायबरकाठ, यात्रेकरूच्या पायाबरोबर गावात रस्ते येतात, धर्मशाळा येतात, आणि भाडेही वाढते.

चौथी गोष्ट सर्वांत जवळची. रोमहून आगगाडीने तासा-सव्वा तासात नेपल्स येते. तिथल्या पुराणवस्तु संग्रहालयात हस्तिदंताची एक वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई नगर गाडले गेले, त्याच्या उत्खननात ती १९३८ साली सापडली. केसांत, गळ्यात, हातापायांत भरगच्च दागिने. लोक तिला लक्ष्मी म्हणतात. पुष्कळ पंडितांच्या मते ती यक्षी आहे. या मूर्तीच्या जवळच्या बहिणी सापडल्या कुठे म्हणाल? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आपल्या तेरला!

तेर म्हणजे गोरोबाकाकांचे तेर, तेरणेच्या काठचे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे, तीत पैठणच्या पुढे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तगर म्हणजेच तेर. इथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. रोमन ग्रंथकार प्लिनी याने तर तक्रारच केली आहे, की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. त्या पैशाचा थोडा वाटा आपल्या विणकरांकडेही आला असेल. तेरच्या लामतुरे संग्रहालयात ती हस्तिदंती मूर्ती आणि रोमन नाण्यांच्या धर्तीवरच्या मातीच्या मुद्रा ठेवलेल्या आहेत.

आता थोडे व्यवहाराचे. दोघांना वेगवेगळा पासपोर्ट आणि वेगवेगळा शेंगेन व्हिसा लागतो. बोटांचे ठसे घेतात आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा काढावा लागतो. कोलोसियमचे तिकीट वेळ ठरवून आधीच घ्यावे. रोमचे रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे आहेत, तेव्हा पायताण मऊ आणि जुने, सवयीचे असावे. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. जेवणात मांस नको असेल तर टोमॅटोचा रस्सा घातलेला पास्ता सर्वत्र मिळतो. त्यांच्या रश्श्यातला टोमॅटो आणि आपल्या ठेच्यातली मिरची, दोन्ही अमेरिकेतून आलेल्या आहेत, तेव्हा परकेपणा मानू नका.

आणि जोडीने पाहण्याची रीत. एकाने घड्याळ बघत पुढे धावायचे आणि दुसरीने मागून धापा टाकायच्या, याला सहल म्हणत नाहीत. सकाळचे ठिकाण एकाने ठरवावे, संध्याकाळचे दुसऱ्याने. दुपारी टेकावे. दिवसाला दोन ठिकाणे पुष्कळ झाली. रात्री दोघांनी आपापल्या वहीत चार ओळी लिहाव्या आणि एकमेकांना वाचून दाखवाव्या. त्यांना खांब-कमानी दिसल्या असतील, बाईंना बाजारातल्या भाजीची मांडणी आणि खिडकीत वाळत घातलेले कपडे. एकाच शहराच्या या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही मिळून ते शहर पुरे होते.

ज्यांना रोमला जाणे जमणार नाही, ते अर्थातच अधिक आहेत. त्यांनी खंत करू नये. धाराशिवपासून तेर वीसएक किलोमीटरवर आहे. येत्या रविवारी भाकरी बांधून घ्या, घरधनिणीला बरोबर घ्या. गुरुजींनी शक्य तर वर्गच न्यावा. गोरोबाकाकांचे दर्शन घ्या, जुन्या विटांचे त्रिविक्रमाचे देऊळ पाहा, आणि संग्रहालयात त्या वीतभर मूर्तीसमोर जरा वेळ थांबा. तिच्यासारखीच एक पाँपेईच्या घरात होती, हे मुलांना सांगा. मग नकाशा उघडून तेर, पैठण, भडोच आणि रोम ही चार नावे त्यांच्याकडून जोडून घ्या.